अक्षराचं टोक गोल करायचं म्हणजे नेमकं काय?

जाड, सरळ टोकांचा एखादा फॉन्ट घ्या आणि त्यातला 'ग' स्क्रीनभर मोठा करा. अक्षरं रेखाटायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोपरे गोल करण्याची सोय असते. ती वापरली की दोन सेकंदांत सगळे काटकोन जातात आणि 'ग' गुबगुबीत होतो. गोल टोकांचा पहिला फॉन्ट करायला बसलो तेव्हा मीही हेच केलं होतं. काम उरकलं असं वाटलं. मग अक्षर वाचायच्या आकाराला आणून पाहिलं, तर 'ग'चा काना टोकाशी फुगलेला आणि मध्ये खंगलेला दिसत होता, अगदी हाडासारखा. जाडी मोजून पाहिली. वरपासून खालपर्यंत एका एककाचाही फरक नव्हता.

मोजमापात नसलेला हा फुगवटा डोळ्यांना का दिसतो, ते एकदा समजलं की गोल टोकांच्या जाड अक्षरांबद्दलचं निम्मं कोडं सुटतं.

सरळ रेषेला वक्रता नसते. वर्तुळाच्या कंसाला असते, आणि ती सगळीकडे सारखी असते. कान्याच्या सरळ कडेला थेट अर्धवर्तुळ जोडलं, की जोडाच्या बिंदूवर वक्रता शून्यावरून एकदम उडी मारते. रेषा कुठे तुटलेली नसते, कोपराही नसतो, पण डोळ्याला हा झटका जाणवतो आणि तिथे उंचवटा असल्याचा भास होतो. रेल्वेचे रूळ टाकणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. सरळ मार्ग आणि वर्तुळाकार वळण यांच्यामध्ये ते हळूहळू वळत जाणारा एक तुकडा घालतात, नाहीतर डब्यातल्या माणसाला वळणाच्या सुरुवातीलाच हिसका बसेल. अक्षराच्या टोकाशीही असाच तुकडा घालावा लागतो. वळण थोडं आधी सुरू करायचं, सुरुवातीला अगदी हलकं ठेवायचं आणि टोकाकडे जाताना वाढवत न्यायचं.

आजच्या फॉन्टमधली वळणं बेझिए वक्रांनी काढलेली असतात. मोटारींच्या बॉडीची वळणं गणितात बसवण्यासाठी रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांनी ही पद्धत वापरात आणली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो स्वतंत्रपणे त्याच गणितापर्यंत पोहोचले होते. या वक्राच्या दोन्ही टोकांना हँडल असतं. ते ओढलं की वळण बदलतं. १०० एकक त्रिज्येच्या वर्तुळाचा पाव भाग काढायचा तर हँडल साधारण ५५ एकक लांब ठेवावं लागतं. हाड दिसू नये म्हणून आम्ही हा आकडा मुद्दाम मोडतो: वळणाची सुरुवात मागे ओढतो, हँडल लांबवतो. भूमितीच्या दृष्टीने ते टोक मग अर्धवर्तुळ राहत नाही, पण डोळा त्यालाच निखळ गोल मानतो.

टोक गोल केल्यावर अक्षर आखूडही दिसतं, आणि तेही भास म्हणून सोडून देण्यासारखं नाही. फॉन्ट बहुधा १,००० एककांच्या चौकटीत काढला जातो. त्यात २०० एकक जाडीचा काना धरा. त्याच्या सपाट टोकाऐवजी अर्धवर्तुळ केलं तर दोन्ही कोपऱ्यांतली मिळून जितकी शाई जाते, ती कान्याच्या सुमारे २१ एकक लांबीइतकी भरते. म्हणजे गोल कान्याला सपाट कान्याइतकंच उंच दिसायचं असेल, तर त्याला ओळीच्या थोडं खाली उतरावंच लागतं. रोमन लिपीतला 'ओ'सुद्धा याच कारणाने शेजारच्या सपाट अक्षरांपेक्षा एक-दोन टक्के उंच काढतात. सरळ टोकांच्या फॉन्टमध्ये ही काळजी काही मोजक्याच अक्षरांची घ्यावी लागते. गोल टोकांच्या फॉन्टमध्ये जवळजवळ प्रत्येक अक्षराची घ्यावी लागते.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की गोलाई ही शेवटी लावायची पॉलिश नाही. अक्षराचा सांगाडा रेखाटतानाच ती धरून चालावं लागतं. तयार फॉन्टचे कोपरे घासून गोल फॉन्ट होत नाही.

गोल टोक आलं कुठून

थोडं मागे जाऊ. रोमन अक्षरांच्या रेषांना टोकाशी जे छोटे पाय किंवा काटे असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. ते काढून टाकले की सॅन्स सेरिफ. अशा बिनपायांच्या अक्षरांचा छपाईसाठीचा पहिला टाइप लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा यांच्या नमुना पुस्तकात १८१६ साली दिसतो. त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती. सेरिफ गेल्यावर रेषेचं टोक उघडं पडलं, आणि मग ते टोक कसं असावं हा प्रश्न आला: सपाट कापलेलं, तिरकं की गोल?

पुष्कळ ठिकाणी याचं उत्तर हत्यारानेच देऊन टाकलं. रेषेचं टोक गोल करायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. दुसरं काही निघणंच शक्य नव्हतं. लाकडावर किंवा धातूवर अक्षरं कोरायची यंत्रं घ्या. त्यांत गरगर फिरणारं एक पातं असतं. ते पातं जिथे थांबेल तिथे त्याच्या स्वतःच्या गोलाईचा ठसा उमटतो. रेषेची जाडी म्हणजे पात्याचा व्यास आणि रेषेचं टोक म्हणजे अर्धवर्तुळ. असं यंत्र काटकोनी टोक काढूच शकत नाही. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या टेलर, टेलर अँड हॉब्सन या भिंगं बनवणाऱ्या कंपनीच्या कोरीव अक्षरांपासून पुढे अमेरिकेतल्या गॉर्टन कंपनीच्या यंत्रांवरची अक्षरं आली. यंत्रांच्या पाट्या, कीबोर्डची बटणं आणि अपोलो यानांची नियंत्रण पॅनेलं अशा कितीतरी जागी ती पोहोचली. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतल्या लाकडी पाट्यांची अक्षरं अशीच फिरत्या पात्याने कोरलेली आहेत. त्यांच्यावरून अलीकडे 'नॅशनल पार्क' नावाचा फॉन्टही झाला.

अभियंत्यांच्या आराखड्यांवरची अक्षरंही याच घराण्यातली. साच्याच्या खाचेतून नळीच्या टोकाचा पेन फिरवला की शाईची रेषा सगळीकडे सारख्या जाडीची आणि दोन्ही टोकांना गोल उमटते. निऑनच्या दिव्यात काचेची नळीच वाकवलेली असते, तिथे तर कोपरा संभवतच नाही.

या वंशावळीत मला फार रस आहे, कारण गोल टोकांमधल्या दोन स्वभावांचा उलगडा तिच्यातून होतो. बारीक रेषेची गोल अक्षरं अजूनही मोजून-मापून काढलेली, तांत्रिक वाटतात. त्यांच्यात पेन आणि पातं यांची आठवण असते. तीच रेषा जाड केली की ती आठवण पुसली जाते. टोकाचं अर्धवर्तुळ मोठं होतं, नजरेत भरतं, आणि अक्षर एखाद्या फुगवलेल्या किंवा मळून घडवलेल्या वस्तूसारखं दिसू लागतं. घासून कागदावर उमटवायच्या अक्षरांचे तक्ते विकणाऱ्या लेट्रासेट कंपनीसाठी बॉब न्यूमन यांनी १९७० साली काढलेल्या जाड, गोल टोकांच्या टाइपचं नाव 'फ्रँकफर्टर' आहे, म्हणजे सॉसेजचा एक प्रकार. नाव अगदी चपखल आहे. रेषा आता रेषा राहिली नाही, ती वस्तू झाली.

या घराण्यातला सगळ्यांत परिचित चेहरा बहुधा 'व्हीएजी राउंडेड'. १९७० च्या दशकाच्या शेवटी फोक्सवागन आणि ऑडी यांची विक्रीव्यवस्था एकत्र आली. एका कंपनीच्या जाहिराती एका टाइपमध्ये, दुसरीच्या दुसऱ्या टाइपमध्ये अशी तोवरची स्थिती होती. दोघांना मिळून एक नवा टाइप करण्यात आला, तोच हा. मोटारींसाठी जन्मलेली ही अक्षरं नंतर अनेक वर्षं अॅपलच्या कीबोर्डवर होती. तुमच्या बोटांखालून ती गेली असण्याची बरीच शक्यता आहे. जपानी टाइपमध्ये तर गोल टोकांचा 'मारु गॉथिक' हा एक स्वतंत्र आणि भारदस्त वर्ग आहे. मारु म्हणजे गोल, आणि गॉथिक म्हणजे तिथली बिनपायांची अक्षरं. तिथे या अक्षरांना केवळ लहान मुलांसाठीची कुणी समजत नाही. रस्त्यांवरच्या पाट्यांवरही ती दिसतात.

जाडी वाढवताना जागा कुठून आणायची

अक्षराची जाडी वाढवणं म्हणजे त्याला जाड पेनाने पुन्हा गिरवणं, असा समज असतो. तसं करून बघा. रोमन कॅपिटल 'ई' घ्या, उंची ७०० एकक. त्यात तीन आडव्या रेषा एकाखाली एक बसवायच्या आहेत. उभी रेषा १८० जाड ठेवली आणि आडव्याही तेवढ्याच केल्या, तर तीन रेषांनीच ५४० एकक खाल्ले. उरले १६०. म्हणजे प्रत्येक फटीला फक्त ८०. रेषा फटीच्या दुप्पट जाड झाली, आणि दुरून पाहिलं की 'ई'चा नुसता ठोकळा दिसतो. आता आडव्या रेषा १४० वर आणा. प्रत्येक फटीला १४० मिळतात. अक्षर श्वास घेऊ लागतं. शिवाय सारख्याच मापाची आडवी रेषा डोळ्याला उभीपेक्षा जाड वाटते, त्यामुळे आडव्या रेषा बारीक केल्याचं लक्षातही येत नाही.

अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागेला मी पोकळी म्हणतो. जाड अक्षरात पोकळीच जपावी लागते, कारण शाई तर मुबलक असते. वाचताना डोळा पांढऱ्या आकारांवर फार अवलंबून असतो, आणि जाडीच्या प्रत्येक पायरीवर पांढरं कमी होत जातं. रेषा जिथे एकमेकींना मिळतात, तिथे तर काळोख साचतो. रोमन लहान 'एन'चा खांदा उभ्या रेषेतून जिथे फुटतो, ती जागा पाहा. चांगल्या जाड फॉन्टमध्ये तिथे रेषा चक्क निमुळती केलेली असते. मॅथ्यू कार्टर यांनी अमेरिकेतल्या दूरध्वनी डिरेक्टरींसाठी १९७० च्या दशकात 'बेल सेंटेनियल' काढला, तेव्हा अशा सांध्यांमध्ये खोल खाचा ठेवल्या होत्या. स्वस्त कागदावर शाई पसरेल आणि खाचा भरून निघतील, हा हिशोब. गोल टोकांच्या जाड फॉन्टमध्ये एवढ्या खोल खाचा विजोड दिसतात, पण विचार तोच असतो.

इथे गोलाईची एक गंमत कळते. बाहेरचे कोपरे गोल करायचे, मग आतले कोपरेही करायचे का? नवशिके करतात. मीही केले होते. बाहेरचा कोपरा गोल केला की शाई कमी होते, आतला गोल केला की शाई वाढते, आणि नेमकी सांध्यात, जिथे ती आधीच जास्त आहे. परिणामी अक्षर वितळलेल्या मेणासारखं दिसतं. बहुतेक चांगल्या गोल फॉन्टमध्ये आतले कोपरे बरेच तीक्ष्ण असतात. बाहेरून मऊ आणि आतून कडक, या मेळामुळे अक्षर मऊ वाटूनही ढिलं पडत नाही.

देवनागरीत काय होतं

आतापर्यंतचे सगळे प्रश्न देवनागरीतही येतात, आणि त्यांच्या जोडीला शिरोरेषा येते.

रोमन अक्षर चारी बाजूंनी सुटं असतं. देवनागरी अक्षर शेजारच्या अक्षराच्या हातात हात घालून उभं असतं. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो, आणि हे तुकडे एकमेकांना चिकटले की अखंड रेषा दिसते. आता या तुकड्यांची टोकं गोल करा. दोन अर्धवर्तुळं समोरासमोर येतील आणि प्रत्येक जोडावर वर-खाली एकेक खाच पडेल. शब्दभर शिरोरेषा करवतीसारखी दिसेल.

उपाय आहे. अक्षरं एकमेकांवर चढवायची. किती? कागदावर काढून पाहिलं तर उत्तर स्वच्छ मिळतं. पहिल्या तुकड्याचा सरळ भाग जिथे संपतो, तिथेच दुसऱ्याचा सरळ भाग सुरू व्हायला हवा. म्हणजे दोन्ही अर्धवर्तुळं एकमेकांच्या पोटात पूर्ण गेली पाहिजेत, आणि त्यासाठी शिरोरेषेच्या जाडीइतकीच चढण लागते. शिरोरेषा १२० एकक जाड तर चढण १२०. हे गणित जमलं की शब्दाच्या दोन्ही टोकांना गोलाई दिसते आणि मधला जोड दिसत नाही.

पण मग 'भ' येतो. 'भ'ची शिरोरेषा डावीकडून अखंड नसते, तिथे फट असते. 'म' आणि 'भ' यांच्यातला सगळ्यांत ठळक फरक तोच. 'घ' आणि 'ध' यांचंही तसंच. 'रम' लिहिताना 'र'ची शिरोरेषा पुढे जाऊन मिळायला हवी, पण 'रभ' लिहिताना तिने फटीच्या अलीकडे थांबायला हवं. चढणीसाठी बाहेर काढलेलं टोक 'भ'च्या गाठीला जाऊन टेकलं, की वाचणाऱ्याला 'म' दिसतो. गोल टोकांमुळे हा धोका आणखी वाढतो. समोरासमोर आलेली दोन गोल टोकं मधल्या एका बिंदूवर सगळ्यांत जवळ असतात, आणि लहान आकारात आधी तिथेच पूल बांधला जातो. म्हणून अशा जोड्यांमध्ये अंतर वेगळं नोंदवावं लागतं, किंवा शेजारी कोण आहे हे पाहून अक्षराचं रूप बदलण्याची जी सोय ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या प्रकारात आहे ती वापरावी लागते. काही फॉन्टमध्ये शिरोरेषेची टोकं सपाटच ठेवतात आणि गोलाई फक्त कान्याच्या तळाशी आणि वळणांच्या शेवटी देतात. हा तोडगा मला प्रामाणिक वाटतो, कारण शब्द आधी वाचता यायला हवा.

आणखी एक बदल फार खोलवरचा आहे. देवनागरीची घडण तिरक्या कापलेल्या बोरूतून झाली. बोरू फिरतो तशी रेषा आपोआप जाड-बारीक होते, आणि 'क'चं पोट किंवा 'ळ'ची दोन वेटोळी त्या चढउतारातूनच उमटतात. गोल टोकाचा जाड फॉन्ट हा चढउतार जवळजवळ काढून टाकतो. रेषा सगळीकडे सारखी जाड. मग 'ळ'च्या दोन पोकळ्या, 'ष'च्या पोटातली तिरकी रेघ, 'क्ष'ची गाठ हे सगळं एकाच जाडीत कोंबायचं म्हटलं तर बसत नाही. रेखाटणाऱ्याला तिथे गुपचूप रेषा बारीक करावी लागते, ती कुणाच्या लक्षात न येता. 'ष'मधली तिरकी रेघ तर मी कधीच पूर्ण जाडीची ठेवत नाही. ठेवली तर पोटात दोन काळे त्रिकोण उरतात.

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' हा या सगळ्याचा अभ्यास करायला उत्तम नमुना आहे. जाड, गुबगुबीत, नाव अस्वलाचं. तो देवनागरीपुरता न थांबता अनेक भारतीय लिप्यांमध्ये झाला, आणि सुरुवातीला प्रत्येक लिपीतल्या भावंडाला त्या भाषेतला भावासाठीचा किंवा आपुलकीच्या हाकेचा शब्द नावात मिळाला: गुजरातीसाठी भाई, बंगालीसाठी दा, मल्याळमसाठी चेट्टन, तमिळसाठी तंबी, गुरुमुखीसाठी पाजी. पुढे 'बालू २'मध्ये त्याच्या अनेक जाड्या आल्या. तमिळ किंवा मल्याळममध्ये शिरोरेषा नाही, गुजरातीतही नाही, बंगालीत आहे. एकच मऊ आवाज या सगळ्या लिप्यांमधून ऐकू यावा, एवढ्यासाठी प्रत्येक लिपीत वेगळ्या तडजोडी कराव्या लागतात. ते फॉन्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिले की त्या तडजोडी दिसतात, आणि माझ्या मते याहून चांगला धडा नाही.

गोल आकार आपल्याला का आवडतो

वोल्फगांग कोलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली लिहून ठेवलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एक गोलसर आकार आणि एक टोकदार आकार दाखवायचा, दोन अर्थहीन शब्द द्यायचे, आणि कुठला शब्द कुठल्या आकाराचा ते विचारायचं. लोकांची उत्तरं आश्चर्य वाटावं इतकी जुळतात. २००१ साली रामचंद्रन आणि हबर्ड यांनी हीच कल्पना 'बूबा' आणि 'किकी' या शब्दांनी पुन्हा लोकांपुढे आणली. गोल आकार बूबा, टोकदार आकार किकी. २००६ मध्ये मोशे बार आणि माइटल नेटा यांनी दाखवलं की एकाच वस्तूचं टोकदार आणि गोलाईचं अशी दोन रूपं समोर ठेवली, तर लोकांना गोलाईचं जास्त आवडतं. टोक म्हणजे टोचण्याची शक्यता, असा त्यांचा तर्क. अक्षरांवर झालेल्या प्रयोगांत गोल अक्षरांचं नातं लोक गोड चवीशी जोडतात आणि टोकदार अक्षरांचं आंबट, खारट, कडू चवींशी, असंही दिसलं आहे.

यातून एक गोष्ट निघते आणि एक निघत नाही. गोल, जाड अक्षर वाचण्याआधीच जवळचं वाटतं, हे निघतं. ते वाचायला सोपं असतं, हे मात्र निघत नाही. या दोन्हींची गल्लत फार वेळा होते. लहान मुलांसाठी म्हणून संपूर्ण गोष्टच्या गोष्ट जाड गोल फॉन्टमध्ये लावलेली मी पाहिली आहे. नुकतंच वाचू लागलेल्या मुलाला 'ख' आणि 'रव', 'ब' आणि 'व', 'घ' आणि 'ध' हे वेगळे दिसायला हवेत. अशा वाचकाला भरपूर पोकळी असलेलं, मध्यम जाडीचं अक्षर द्यायला हवं. शीर्षक गोल ठेवा, गोष्ट नको.

कारण सोपं आहे. अक्षरांची ओळख त्यांच्या टोकांवर आणि फटींवर बरीच अवलंबून असते. गोल फॉन्ट सगळ्या टोकांना एकसारखं करतो आणि जाडी फटी लहान करते. रोमनमधले 'ए', 'ई', 'ओ', 'सी' हे लहान अक्षरांत एकमेकांसारखे दिसू लागतात, इंग्रजी आकड्यांत 3, 6, 8, 9 गोंधळ घालतात. एका शब्दात हे खपून जातं. तीनशे शब्दांत डोळा दमतो.

म्हणून या फॉन्टची खरी जागा म्हणजे हाक मारायची जागा. बोधचिन्ह, शीर्षक, खेळाच्या पडद्यावरचे गुण, अॅपचं मोठं बटण, वेष्टनावरचं नाव, घड्याळावरचे आकडे. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोचा स्वतःचा जाड गोल टाइप त्यांच्या घुबडाच्या पिसांवरून घेतलेला आहे, आणि अॅपलच्या सॅन फ्रान्सिस्को या टाइपलाही गोल टोकांचं एक भावंड आहे. औषधाच्या मात्रेची चिठ्ठी, करारनामा, शोकसंदेश, धोक्याची सूचना इथे मात्र तो आवाजच चुकीचा ठरतो. विजेच्या धक्क्याची सूचना मऊ आवाजात द्यायची नसते.

वापरताना

आकार पुरेसा मोठा ठेवा. हे सांगण्यामागे साधं गणित आहे. साध्या स्क्रीनवर १२ पिक्सेल उंचीच्या अक्षराची रेषा जेमतेम दोन पिक्सेल जाड असते. टोकाची त्रिज्या एक पिक्सेल. एका पिक्सेलमध्ये वर्तुळ काढता येत नाही, फक्त कोपऱ्यातला ठिपका करडा होतो. म्हणजे गोलाई दिसत नाही आणि अक्षर मात्र धूसर होतं.

गडद रंगावर पांढरं अक्षर ठेवणार असाल तर जाडीची एक पायरी खाली या. उजेड डोळ्यात पसरतो, पांढरी रेषा आहे त्यापेक्षा जाड दिसते आणि पोकळ्या बुजतात. रंगांच्या फरकाचं बंधनही पाळा. वेबवरच्या सुलभतेच्या नियमांप्रमाणे साध्या मजकुराला अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात ४.५ ला १ एवढा फरक लागतो, आणि १४ पॉइंट किंवा त्याहून मोठं ठळक अक्षर असेल तर ३ ला १ चालतो. मऊ फिकट रंगाच्या बटणावर पांढरं गोल अक्षर हा सध्याचा लाडका मेळ आहे, आणि या कसोटीवर तो वारंवार नापास होतो.

फॉन्टची जाड आवृत्ती खरोखर जोडलेली आहे ना, ते एकदा तपासा. ती नसली तर ब्राउझर साध्या अक्षरालाच फुगवून जाड करतो. अशा बनावट जाडीत आडव्या रेषा बारीक केलेल्या नसतात, सांधे निमुळते नसतात, पोकळ्या जपलेल्या नसतात. वर जे काही सांगितलं त्यातलं एकही काम झालेलं नसतं.

रोमन शीर्षकात अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवणं बरेचजण पसंत करतात. तोच आकडा देवनागरीला लावला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. देवनागरीसाठी अंतर शून्यच ठेवा. ओळींमधलं अंतर मात्र रोमनपेक्षा सैल लागतं, कारण जाड फॉन्टमध्ये वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांना भिडतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवायलाही विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे दिलेले असतात, ते त्यानंतरच आपोआप पुढे येतात.

परवान्याबद्दल थोडक्यात. बालू, फ्रेडोका, नुनितो हे गोल टोकांचे फॉन्ट 'एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स'खाली मिळतात. व्यावसायिक कामात ते विनामूल्य वापरता येतात. नुसता फॉन्ट म्हणून मात्र विकता येत नाहीत.

कुठलाही जाड गोल फॉन्ट निवडण्याआधी मी चार शब्द लिहून बघतो: भरघोस, खवखव, षट्कोन, धबधबा. 'भरघोस'मध्ये 'भ'ची फट कळते. 'खवखव'मध्ये 'ख'चे दोन भाग सुटे पडून 'रव' होत नाहीत ना ते दिसतं. 'षट्कोन'मध्ये 'ष'ची पोकळी आणि जोडाक्षर किंवा हलन्त कसा बसतो ते समजतं. शब्द ज्या आकारात वापरायचे त्याच आकारात, ज्या फोनवर दिसणार त्याच फोनवर लावायचे, फोन टेबलावर उभा करायचा आणि पाच पावलं मागे जायचं. तिथून धबधब्याचा 'घवघवा' झाला, तर जाडी एक पायरी उतरवायची आणि पुन्हा मागे जाऊन बघायचं.